मासेमारीचं सामान बनवणारी घराणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गळ, जाळी, दोर बनवणाऱ्या जुन्या घराण्यांबद्दल वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सर्वाधिक प्रश्न नॉर्वेच्या मुस्टाड घराण्याबद्दल येतात, म्हणून भर त्याच्यावर आहे. जाळ्यांसाठी इंग्लंडमधलं ब्रिडपोर्ट आणि स्कॉटलंडमधलं मसलबरा ही दोन गावं घेतली आहेत. सोप्या प्रश्नांपासून सुरुवात आहे, अडचणीचे प्रश्न शेवटी आहेत.

1. व्यापारी मासेमारीचं सामान म्हणजे नक्की काय? हौसेने गळ टाकून बसणाऱ्यांचं सामान त्यात येतं का?

ज्या सामानावर बोटीवरच्या माणसांचं पोट चालतं, ते व्यापारी सामान. जाळी, दोर, बोये, शिशाची वजनं, जाळं ओढायची यंत्रं, ट्रॉल जाळ्याचं (बोटीमागे ओढायच्या पिशवीसारख्या जाळ्याचं) तोंड पाण्यात उघडं ठेवणाऱ्या जड फळ्या आणि हजारांच्या हिशोबात लागणारे गळ हे सगळं त्यात आलं. काठी आणि रीळ हे हौशी माणसाचं सामान. गळ मात्र दोघांनाही लागतो, त्यामुळे गळ बनवणारी घराणी दोन्ही बाजारांत दिसतात. या पानावर हौशी बाजाराचा विचार केलेला नाही.

2. मुस्टाड म्हणजे मूळचं कोळ्यांचंच घराणं ना?

नाही, आणि या विषयात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट. 1832 मध्ये हान्स स्किकेलस्टाड यांनी यॉव्हिक गावाजवळ ब्रुस्वेन इथे कारखाना काढला, तो खिळे आणि तार बनवण्याचा. पुढे तो त्यांचे जावई ओले मुस्टाड यांच्या हाती आला. ओले यांचा मुलगा हान्स धंद्यात उतरल्यावर 'ओ. मुस्टाड अँड सन' हे नाव पडलं, ते जगभर पसरलं.

नकाशात यॉव्हिक पाहा. ओस्लोच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटर आत, म्योसा नावाच्या मोठ्या तळ्याच्या काठी हे गाव आहे. समुद्र जवळपासही नाही. जगातल्या समुद्रांत गेलेले कोट्यवधी गळ ज्या घराण्याने बनवले, त्याच्या अंगणात कधी भरती-ओहोटी आली नाही. या लोकांना मासा नव्हे, तार कळत होती. ती कशी ओढायची, किती तापवायची, कुठे वाकते आणि कुठे तुटते, हे त्यांना ठाऊक होतं. ब्रिडपोर्टच्या जाळेवाल्यांचंही असंच आहे (प्रश्न 7). सामान बनवणारी जी घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्यांतली बरीचशी कच्च्या मालाच्या बाजूने या धंद्यात आली. अपवाद आहेत, ते प्रश्न 11 मध्ये दिले आहेत.

3. मग गळ बनवायला सुरुवात कधी झाली?

1877 मध्ये. माथियास टॉप या हुशार कारागिराने गळ बनवण्याचं यंत्र उभं केलं आणि तिथून चित्र बदललं. तोवर गळ हा बव्हंशी हातकामाचा माल होता. एक माणूस तार कापणार, दुसरा टोक काढणार, तिसरा वाकवणार, असा प्रकार. टॉपच्या यंत्रात तार एका बाजूने आत जायची आणि तयार आकाराचा गळ दुसऱ्या बाजूने खाली पडायचा. तार घरचीच होती. कारखान्याचे खिळे आणि यंत्रातले गळ एकाच मालातून निघत असल्यामुळे नव्या धंद्यात उडी मारल्याचा धोका फारसा नव्हताच.

4. मुस्टाडच्या आधी जगाला गळ कोण पुरवत होतं?

सुया बनवणारे. सुई आणि गळ यांचं काम शेवटच्या दोन-तीन टप्प्यांपर्यंत सारखंच असतं. लंडनमध्ये 17व्या शतकात चार्ल्स किर्बी नावाचा सुईवाला गळही बनवायचा. किंचित एका बाजूला मुरडलेल्या गळाला आजही 'किर्बी' म्हणतात, ते त्याच्यामुळे. पुढे इंग्लंडमधलं रेडिच हे सुयांचं गाव गळांचंही गाव झालं. तिथलं ऑलकॉक घराणं 1803 पासून या धंद्यात होतं. म्हणजे तिथेही पाया तारेचाच.

5. एक गळ बनतो तरी कसा? दिसायला तर वाकवलेली तार वाटते.

एक गळ हातात घेऊन पाहा. सुरुवातीला जास्त कार्बन असलेल्या पोलादाची तार वेटोळ्यातून सरळ करून ठरलेल्या लांबीला कापतात. एका टोकाला धार काढतात. टोकाच्या किंचित मागे तारेला तिरका छेद देऊन पोलादाचं एक पान उचलतात. हाच तो उलटा काटा, मासा सुटू न देणारा. छेद उथळ गेला तर काटा धरत नाही. खोल गेला तर तार तिथेच कमजोर होते आणि मोठा मासा गळ सरळ करून निघून जातो. मग तार साच्याभोवती वळवतात. शेवटी दुसऱ्या टोकाला भोक असलेलं नाकं करतात, किंवा ते टोक नुसतं चपटं ठोकतात. दोरी चपट्या टोकाखाली बांधली की ती निसटत नाही.

इथपर्यंत पोलाद मऊ असतं, हाताने वाकेल असं. आता गळ लालभडक तापवून तेलात विझवतात. त्याने तो कडक होतो, पण काचेसारखा ठिसूळही होतो, वाकवायला गेलात तर कडकन तुटतो. म्हणून पुन्हा बेताच्या उष्णतेवर तापवून त्याला पाणी देतात, म्हणजे ठिसूळपणा उतरवतात. खरी मेख इथे आहे. पाणी कमी पडलं तर गळ तुटतो, जास्त झालं तर वाकून सरळ होतो. शेकडा एक गळ असा निघाला, तर हजारो गळांची दोरी टाकणाऱ्या बोटीचं रोजचं नुकसान किती, याचा हिशोब करा. शेवटी घासून चकचकीत करणं आणि खाऱ्या पाण्यासाठी कथलाचा किंवा जस्ताचा मुलामा.

धार पाहायची जुनी रीत सोपी आहे. गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर अलगद ओढायचं. ते घसरलं तर बोथट, नखात रुतून थांबलं तर तयार.

6. गळ बनवायचं हे यंत्र मुस्टाडने इतकं जपून का ठेवलं? सरळ पेटंट घेऊन विकायला काय हरकत होती?

पेटंट घेताना यंत्र कसं चालतं हे कागदावर उघड करावं लागतं, आणि ठरावीक वर्षांनी तो हक्क संपतो. गळ बाजारात सगळ्यांना दिसतो, पण त्यावरून तो बनवणारं यंत्र ओळखता येत नाही. अशा मालाला पेटंटपेक्षा बंद दरवाजा जास्त उपयोगी. मुस्टाडने गळ बनवायची यंत्रं आपल्याच कारखान्यात घडवली आणि ती बाहेर विकली नाहीत.

मला यात कौटुंबिक धंद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही दिसतात. गुपित घरात राहतं तोवर घराणं टिकतं. पण बाहेरचा शहाणा माणूस आत येत नाही, आणि घरात पुढचा टॉप जन्मेलच असं नसतं. टॉप तरी घरचा कुठे होता?

7. जाळ्यांचा धंदाही अशाच घराण्यांच्या हातात होता का?

होता. दक्षिण इंग्लंडमधल्या ब्रिडपोर्टच्या आसपासच्या जमिनीत हेंप म्हणजे भांगेच्या कुळातलं वाखाचं झाड चांगलं यायचं. तिथल्या वाखाचे दोर इतके नावाजलेले की 13व्या शतकाच्या सुरुवातीला राजा जॉनने आपल्या जहाजांसाठी ते तिथून मागवले. फाशीच्या दोराला इंग्रजीत 'ब्रिडपोर्टचा खंजीर' असं म्हणत. याच गावातलं गंड्री घराणं आपला धंदा 1665 पासूनचा सांगतं. न्यूफाउंडलंडच्या कॉड मासेमारीला लागणारी जाळी आणि दोऱ्या ब्रिडपोर्टहून जात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. कंपनीच्या पाटीवर गंड्रींचं नाव असलं, तरी जाळी विणली ती घरोघरच्या बायकांनी. कंपनीकडून दोरा घरी यायचा, दाराच्या कडीला किंवा भिंतीतल्या आकड्याला जाळ्याची सुरुवात अडकवायची, आणि स्वयंपाक, मुलंबाळं सांभाळत आस (जाळ्याचा एकेक डोळा) घालत राहायचं. विणलेलं जाळं कंपनीत परत जायचं. यंत्र आल्यावरही आकारात कमी-जास्त होत जाणाऱ्या जाळ्यांचं काम त्यांच्याकडेच राहिलं, कारण सरळ चौकोनी जाळं यंत्र विणतं, पण पिशवीसारखं निमुळतं होत जाणारं जाळं त्याला जमत नाही.

8. जाळं विणायचं यंत्र कोणाचं? कोणी जॅकार्ड म्हणतं, कोणी पॅटर्सन.

दोघांचंही, वेगवेगळ्या अर्थाने. फ्रान्सचा जॅकार्ड आपल्याला नक्षीदार मागामुळे माहीत आहे. त्याने 19व्या शतकाच्या सुरुवातीला जाळी विणायचं यंत्रही केलं होतं आणि त्याबद्दल त्याचा गौरवही झाला. पण कारखाना चालेल असा माग उभा केला तो मसलबराच्या जेम्स पॅटर्सनने, 1820 च्या सुमारास.

अडचण विणण्याची नव्हती, गाठीची होती. कापडात धागे एकमेकांवरून नुसते जातात. जाळ्यात प्रत्येक आसाच्या कोपऱ्यावर गाठ पडावी लागते, आणि त्यासाठी एका धाग्याचा फास करून दुसरा धागा त्याच्या मागून फिरवून आणावा लागतो. बोटांना हे सहज जमतं. पॅटर्सनच्या सुरुवातीच्या मागावरची गाठ सरकायची. गाठ सरकली की आस मोठी होते आणि मासा निघून जातो. 1835 मध्ये लीथच्या वॉल्टर रिची यांनी हाताची नेहमीची गाठ यंत्रावर पाडण्याची युक्ती काढली आणि तिचं पेटंट घेतलं. पॅटर्सनचा मसलबरामधला कारखाना पुढे स्टुअर्ट घराण्याकडे गेला. हेरिंगच्या मासेमारीला लागणारी मोठमोठी सुती जाळी तिथून निघू लागली.

गळाच्या गुपिताशी ताडून पाहा (प्रश्न 6). तिथे यंत्र कुलपात राहिलं आणि शतकभर एकाच घराण्याचा दबदबा राहिला. जाळ्याचं यंत्र एकाकडून दुसऱ्याकडे गेलं, सुधारत गेलं, आणि जाळ्यांत तसं एकच नाव कधी झालं नाही.

9. नायलॉन आल्यावर या घराण्यांची चांदी झाली असेल ना?

सुरुवातीला वाटतं तसं. सुती जाळ्याचं दुखणं म्हणजे ते कुजतं. दर थोड्या दिवसांनी ते मोठ्या पातेल्यात कात उकळून त्यात बुडवावं लागे. होय, खैराच्या लाकडाचा कात. तो आशियातून जहाजाने तिथे जायचा, आणि हेरिंगच्या बंदरांत जाळी त्यामुळेच तांबूस दिसायची. मग वाळवणं, पुन्हा समुद्रावर, पुन्हा वाळवणं. एवढं करूनही जाळं बदलावं लागेच. जाळेवाल्या घराण्यांचा धंदा चालायचा तो या कुजण्यावर.

वॉलेस कॅरोदर्स यांनी ड्युपाँ कंपनीत 1935 मध्ये नायलॉन बनवलं, 1938 मध्ये ते जाहीर झालं, आणि 1950 च्या दशकात मासेमारीच्या जाळ्यांत ते झपाट्याने शिरलं. नायलॉन कुजत नाही, भिजून जड होत नाही, त्याच जाडीत कितीतरी मजबूत असतं, आणि पाण्यात कमी दिसतं. बोटवाल्याच्या दृष्टीने हे वरदानच. पण जाळेवाल्याचं नेहमीचं गिऱ्हाईक आता वर्षानुवर्षं परत येईना. शिवाय दोरा गुळगुळीत असल्याने साधी गाठ सरकायची. मग दुहेरी गाठी आल्या, उष्णता देऊन गाठ बसवायची यंत्रं आली. जुने माग बदलायला भांडवल लागलं. कच्चा माल आता शेतातून नव्हे, रसायनांच्या कारखान्यातून येत होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या वाख ओळखणाऱ्या नजरेला तिथे काही काम उरलं नव्हतं.

कुटुंबं एकत्र आली, विलीन झाली, काही बंद पडली. ब्रिडपोर्टने विमानात सामान बांधायची जाळी, खेळांची जाळी अशा वाटा काढल्या. ज्यांनी 'आम्ही मासेमारीवाले' एवढीच ओळख धरून ठेवली, त्यांचे हाल जास्त झाले असं माझं मत आहे.

10. न कुजणारं जाळं समुद्रात हरवलं तर?

तर ते मासे पकडतच राहतं, कोणी ओढून काढेपर्यंत. सुती जाळं काही काळाने विरघळून जायचं. नायलॉनचं जाळं तळाशी पडून मासे, कासवं, पक्षी अडकवत राहतं. मला हे या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात क्लेशदायक पान वाटतं, कारण बनवणाऱ्यांनी जो गुण मेहनतीने मिळवला तोच इथे घात करतो. किलोमीटरच्या किलोमीटर लांबीची वाहती जाळी मोकळ्या समुद्रात टाकणं थांबवण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी 1991 मध्ये केला, आणि 1992 अखेरपासून ते लागू करायचं ठरलं. त्या प्रकारचं जाळं विकणाऱ्यांची बाजारपेठ एका ठरावाने आटली.

11. कोळ्याने स्वतः शोध लावून धंदा उभा केला असं एकही उदाहरण नाही का?

आहे, आणि ते फार मोठं आहे. मारियो पुराटिच हा क्रोएशियाच्या ब्राच बेटावरून अमेरिकेत गेलेला माणूस स्वतः मासेमारी करायचा. शेकडो किलोंचं ओलं जाळं हाताने बोटीवर ओढण्यात माणसांची पाठ मोडायची. त्याने 1950 च्या दशकात पॉवर ब्लॉक काढला. उंच दांड्यावर टांगलेलं, खोबणी असलेलं एक फिरतं चाक, जाळं त्यावरून ओढलं जातं. मोजकी माणसं आता मोठं जाळं पटापट घेऊ लागली. कॅनडाच्या 5 डॉलरच्या जुन्या नोटेवर जाळं ओढणारी एक मासेमारी बोट छापलेली होती, ती अशाच बोटींपैकी.

पण कारखाना त्याचा नव्हता. यंत्र बनवून जगभर विकलं सिएटलच्या मार्को कंपनीने. म्हणजे प्रश्न 2 मधल्या माझ्या म्हणण्याला पुराटिच अर्धा अपवाद ठरतो. शोध समुद्रावर लागला, पण धंदा लोखंड कळणाऱ्यांच्या हातात गेला.

दुसरा अपवाद आइसलँडची हॅम्पिडियन. 1934 मध्ये मंदीच्या काळात जाळ्याचा दोरा मिळेना, तेव्हा बोटींचे कप्तान आणि यंत्रावरची माणसं एकत्र आली आणि त्यांनी स्वतःच दोरा बनवायला घेतला. ही कुटुंबाची कंपनी नाही, म्हणून घराण्यांच्या यादीत ती बसत नाही. आज मात्र ती या धंद्यातल्या मोठ्या कंपन्यांपैकी आहे आणि इतर जुन्या कंपन्या विकत घेते. फेरो बेटांवरची वोनिन तिने 2016 मध्ये घेतली.

12. ऑटोलाइन म्हणजे काय? मुस्टाडचंच ना ते?

हो. लाँगलाइन म्हणजे एका लांब दोरीला ठरावीक अंतरावर बांधलेले हजारो गळ. पूर्वी प्रत्येक गळाला आमिष लावणं हे हाताचं काम होतं, आणि थंडीत बोटं बधिर होऊनही ते करावं लागे. मुस्टाडने 1970 च्या दशकात बाजारात आणलेल्या ऑटोलाइन या यंत्रात दोरी बोटीवरून सुटत असतानाच प्रत्येक गळाला आमिषाचा तुकडा टोचला जातो. परत ओढताना गळ साफ होऊन रुळांवर ओळीने टांगले जातात. अशी बोट दिवसाला तीस-चाळीस हजार गळ टाकू शकते. गळ विकणाऱ्याने गळ हाताळायचं यंत्रही विकायला घेतलं, ही मला त्या घराण्याची टॉपनंतरची सगळ्यात दूरदृष्टीची चाल वाटते.

13. गोल गळ आल्याने जुन्या आकाराचे गळ संपले का?

संपले नाहीत, पण काही मासेमारीत मागे पडले. गोल गळाचं टोक आतल्या बाजूला, दांड्याकडे वळलेलं असतं. मासा ओढ घेतो तेव्हा गळ घशात न रुतता जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. उत्तर पॅसिफिकच्या हॅलिबट मासेमारीत 1983 च्या सुमारास बोटी गोल गळांकडे वळल्या, आणि पकड जवळपास दुप्पट झाल्याचं दिसलं. समुद्री कासवं हे गळ कमी गिळतात, म्हणून अमेरिकेने 2004 मध्ये अटलांटिकमधल्या आपल्या लाँगलाइन बोटींना मोठे गोल गळ सक्तीचे केले. हा गळ नवा शोध नव्हे. शिंपल्यांचे आणि हाडांचे आत वळलेले गळ पॅसिफिकच्या किनाऱ्यांवर फार जुने आहेत.

14. '16/0' असा नंबर असतो, तो कसा वाचायचा?

शून्याशिवायचे नंबर वाढले की गळ लहान होतो, '/0' लावलेले वाढले की मोठा होतो. दोन कंपन्यांचा एकाच नंबराचा गळ सारखा असेलच असं नाही. मागवताना नंबरासोबत दांड्याची लांबी आणि आतली रुंदी मिलिमीटरमध्ये द्या.

15. मुस्टाड नॉर्वेचे, मग फ्रान्स-स्वीडनमध्ये त्यांचे कारखाने कसे?

ते गळांचे नव्हे, घोड्याच्या नालाच्या खिळ्यांचे. 19व्या शतकाच्या अखेरीस सगळं जग घोड्यांवर चालत होतं, आणि मुस्टाड या खिळ्यांतही आघाडीवर होते. देशोदेशी आयातशुल्क वाढत गेलं, तसे त्यांनी त्या त्या देशातच कारखाने काढले. फ्रान्समधलं द्युक्लेर आणि स्वीडनमधलं दाल्स-लोंगेड ही त्यांतली दोन ठिकाणं. याच घराण्यातल्या क्लारिन मुस्टाड यांना मोटारींचा ध्यास होता. त्यांनी सहा चाकांची गाडी बनवली, आणि एकाच माणसाला बसता येईल अशीही एक. तिचं नाव 'एगोइस्टेन', म्हणजे आत्मकेंद्री माणूस. नालाच्या खिळ्यांवर उभ्या घराण्यातला मुलगा मोटार बनवतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

16. डबीवर 'स्थापना 1832' लिहिलंय. म्हणजे माझ्या आजोबांचे गळ तितक्या जुन्या पद्धतीचे?

नाही. ते साल खिळ्यांच्या कारखान्याचं आहे, गळ 1877 पासूनचे (प्रश्न 2 आणि 3). गंड्रींच्या 1665 लाही हेच लागू. ते साल धंद्याचं आहे, तुमच्या हातातल्या जाळ्याच्या प्रकाराचं नाही. डबीवर किल्लीची खूण असेल तर ती मुस्टाडची जुनी खूण, पण तिच्यावरूनही साल कळत नाही. रेडिचच्या अनेक नावांसारखीच इतरही नावं विकली गेली आणि नव्या मालकांनी तीच छापत ठेवली. नाव टिकलं म्हणजे घराणं त्या धंद्यात टिकलं असं धरू नका.

17. मग मुस्टाड घराणं आज काय करतं?

ओस्लोच्या पश्चिम कडेला लिलेआकेर इथे त्यांचे जुने कारखाने होते. शहर वाढत तिथवर आलं. आज त्या जमिनीवर कार्यालयं आणि दुकानं आहेत, आणि ती जागा सांभाळणारी कंपनी मुस्टाड कुटुंबाचीच आहे. जिथे तारेची वेटोळी उलगडली जायची, तिथे आता लोक खरेदीला येतात.